ताटात ठेवलेलं पोस्टकार्ड

आमच्या शाळेत सात मुलं होती आणि आठवी मी. घंटा नव्हती, बाक नव्हते, इयत्ता नव्हत्या, छडी तर नव्हतीच. एक पितळी ताट होतं. नाचियार्कोविल गावाहून आणलेलं, एका बाजूला पोचा आलेलं. सकाळी आल्या आल्या ज्याला जे शिकायचं असेल त्याची काहीतरी खूण त्या ताटात ठेवायची. कुणी चिंचोके ठेवी, कुणी बसचं तिकीट, कुणी मेलेला भुंगा. मग आमच्या बाई ताट घेऊन एकेकाशेजारी बसत आणि त्याच्या वस्तूपासून त्याचा धडा सुरू होई. बाईंना आम्ही सगळे अक्का म्हणत असू. चिंचोक्यांतून गुणाकार निघे, तिकिटातून नकाशा. भुंग्यातून काय निघालं ते विचारू नका, दोन दिवस ताटाचा वास जात नव्हता.

ताटात काही ठेवलं नाही तर धडा नाही. अक्का रागवत नसत, विचारत नसत, जवळही येत नसत. "ज्याला हवं तो ठेवेल," एवढंच म्हणत.

हल्ली पुण्यात माझ्या ओळखीच्या लोकांनी नातवंडांना असल्याच शाळांत घातलंय. मोजकी मुलं, प्रत्येकाचा अभ्यास वेगळा, मूल म्हणेल ती पूर्व दिशा. मला कौतुकानं सांगतात, "मुलाला स्वतःहून शोधू देतात हो, आपण मध्ये पडायचंच नाही!" मी हो हो म्हणते, चहा पिते. पण "मध्ये पडायचं नाही" हे शब्द ऐकले की मी उगाचच कुणावर तरी खेकसते. माझी सून म्हणते, तुमच्यापुढे शाळेचा विषय काढायची सोय नाही. खरं आहे तिचं. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि आम्ही कुंभकोणमला राहत होतो. साल पन्नासच्या पुढचं, नेमकं कुठलं ते आता सांगता येत नाही. आमचं घर मराठी, म्हणजे तंजावरच्या दरबाराबरोबर कधीकाळी दक्षिणेत आलेल्यांचं. दरबार गेला, भाषा राहिली, तीही घरापुरती. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण आमच्यात तो कुणी मोडताना मी पाहिला नाही. शाळा तमिळ, बाजार तमिळ, देऊळ तमिळ. त्यामुळे मी मराठी बोलत होते भरपूर, पण वाचायला एक अक्षर येत नव्हतं. शिकवावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. वरणभात काय कुणाला वाचता यावा लागतो?

त्या वर्षी आईला छातीचा आजार झाला होता. त्याचं खरं नाव आमच्या घरात कुणी उच्चारत नसे, "छातीचं" एवढंच म्हणत. तिला तिच्या माहेरी, तंजावरला ठेवलं होतं. मुलीला जवळ नेऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे. तंजावर आमच्यापासून गाडीनं दीड तास. दीड तासावर माझी आई होती आणि मी तिला सात महिने पाहिलं नव्हतं.

घरात मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. ते कचेरीत कारकून होते. स्वयंपाकाला एक बाई येत, रसम-भात करून झाकून जात. अप्पा मुळातच कमी बोलणारे, त्यातून आई तंजावरला गेल्यावर जे काही बोलत तेही भांड्याकुंड्यांबद्दल. मीही गप्प होत गेले. मोठ्या शाळेत बाई प्रश्न विचारत तरी मी तोंड उघडत नसे. त्यांना वाटलं पोरगी माजोरी आहे, त्यांनी तळहातावर पट्टी मारली. मी आणखी गप्प. शेवटी अप्पांनी मला तिथून काढलं आणि अक्कांच्या ओट्यावर आणून बसवलं.

अक्का आमच्यातल्याच, मराठी घरातल्या. पंचेचाळिशीच्या असतील. एका मोठ्या शाळेत शिकवत होत्या, मुलांना मारणार नाही म्हणून हेडबाईंशी भांडून बाहेर पडल्या आणि स्वतःच्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, ही शाळा मांडून बसल्या. एकट्या राहत. बाकीची मुलं तमिळ, म्हणून ओट्यावर त्या माझ्याशीही तमिळच बोलत. नियम म्हणजे नियम.

पहिले दोन महिने मी ताटात काहीच ठेवलं नाही. सकाळी येऊन खांबाला टेकून बसे, दुपारी डबा खाई, संध्याकाळी घरी. बाकीची मुलं आपापल्या उद्योगात. एकाला गाडीचं इंजिन कसं चालतं ते हवं होतं, एक मुलगी नुसती पानं चिकटवत होती. कुणाला कुणाची गरज नव्हती. पाहायला आलेली मोठी माणसं त्याचंच कौतुक करत, किती शांत मुलं! मला मात्र तिथे इतकं एकटं वाटे की काय सांगू. कुणी मारत नव्हतं, ओरडत नव्हतं, आणि मेलं कुणी विचारतही नव्हतं. वाटे, निदान कुणीतरी दरडावून म्हणावं, ए पोरी, इकडे ये, बस इथे, हे लिही.

आईचं कार्ड दर पंधरा दिवसांनी येई. अप्पा कचेरीचे कपडे न उतरवता दारातच ते वाचत आणि मला सांगत, "बरी आहे. तुझी आठवण काढते. नीट जेव म्हणते." मग कार्ड भिंतीवरच्या तारेत खोचून टाकत. दर वेळी तेच. बरी आहे, आठवण काढते, नीट जेव. मी काही अगदीच खुळी नव्हते. एवढंच असेल तर कार्ड कडेपर्यंत गच्च भरलेलं का? जागा संपली की ती समासात उभं लिहायची. त्या उभ्या ओळींत काय होतं? मला ते वाचायचं होतं. तिनं काय लिहिलंय ते, तिच्या शब्दांत. मला तेवढी एकच गोष्ट हवी होती.

आडी महिना लागायच्या दोन दिवस आधी एक कार्ड आलं. आडी हा आमच्याकडचा तमिळ महिना, पंचांगात आषाढ-श्रावणाच्या आसपासचा. त्या रात्री अप्पा जेवायला बसले तेव्हा मी ते तारेतून काढलं, पोलक्यात लपवलं आणि सकाळी पितळी ताटात ठेवलं. त्या कार्डात एक दिवस लिहिलेला होता, आणि तो तीन आठवड्यांवर होता. हे मला ठाऊक नव्हतं.

अक्कांनी कार्ड उचललं. वरपासून खालपर्यंत पाहिलं, उभ्या ओळींसाठी आडवं धरूनही पाहिलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग तमिळमध्ये विचारलं, "काय शिकायचंय?"

"मला हे वाचायचंय," मी म्हणाले.

दोन महिन्यांत त्या शाळेत मी बोललेलं ते पहिलं धड वाक्य. अक्कांचा चेहरा असा उजळला की मला लाजच वाटली. त्या उठल्या, मला हाताला धरून उंबऱ्याच्या आत नेलं, झोपाळ्यावर शेजारी बसवलं आणि मराठीत म्हणाल्या, "बैस ग. वाचूं या."

त्यांनी एका जाड कागदाला बारीक खाच पाडली आणि तो कार्डावर ठेवला. खाचेतून एका वेळी एकच ओळ दिसे. ओळीतलं अक्षर त्या पाटीवर मोठं काढत, मी गिरवायचं, मग कार्डात शोधायचं. सापडलं की मी झोपाळ्यावरून उडीच मारी. अक्षर ओळखीचं झालं की त्याच्यामागून आईच्या तोंडचा शब्द निघे, जो मी जन्मापासून ऐकत होते. याला अभ्यास कोण म्हणेल? मी धावत शाळेला येऊ लागले. आठ दिवसांत चार ओळी झाल्या. साष्टांग नमस्कार. खोकला उतरला आहे. शेळीचें दूध घेते. आणि चौथ्या ओळीत, "पोरीच्या केसांस तेल लावीत जावें."

तेल! हे अप्पांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन अप्पांसमोर पाठ करून बसले आणि म्हणाले, "तेल लावा." अप्पा चपापले. का, कशाला, काही विचारलं नाही. पण लावलं. अर्धी वाटी माझ्या मानेवरून ओघळली, दुसऱ्या दिवशी पोलकं तुपकट झालं. मला त्या दिवशी वाटलं, आई घरात आहे.

आता पुढचं सांगायला मला जड जातं, कारण पुढचं माझं आहे.

आमच्यातली एक मुलगी जवळच्या स्वामीमलै गावच्या मूर्तिकाराची होती, इथे मावशीकडे राहून शिकत होती. तिनं एक दिवस ताटात मेणाचा हात ठेवला. अंगठ्याएवढा, पाच बोटं, नखांसकट. मूर्ती आधी मेणाची करतात, तिच्यावर नदीची माती थापतात, भाजली की मेण वितळून भोकातून बाहेर येतं आणि त्या पोकळीत धातू ओततात. हे ऐकून मी खुळावलेच. एवढी सुंदर मेणाची मूर्ती, आणि ती वितळवायची? मेण जातं कुठे? दुसऱ्या दिवशी मी ताटात कार्डाऐवजी मेणाचा गोळा ठेवला. तिसऱ्या दिवशीही. कार्ड अक्कांच्या पत्र्याच्या डब्यात राहिलं.

नऊ दिवस मेण चाललं.

अक्कांना घाई कशी असते हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात पाहिलं, पण मला कळलं नाही. सकाळी ताट घेऊन येत, गोळ्याकडे बघत, माझ्याकडे बघत. "आज हेच?" म्हणत. मी मान डोलवी. मग त्या मेणाचा धडा देत, नीट, मनापासून. एके दिवशी आम्हा सगळ्यांना बसनं स्वामीमलैला घेऊन गेल्या. बसमध्ये मी त्यांच्या शेजारी होते. त्या माझ्याकडे वाकून हळूच तमिळमध्ये म्हणाल्या, "आपलं पत्र अर्धं राहिलंय ग."

"मेण झाल्यावर," मी म्हणाले.

 त्या मग तिथे पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मूर्तिकारांनी आम्हाला वितळलेलं मेण मातीच्या साच्याच्या भोकातून ओघळताना दाखवलं. मी टाळ्या पिटल्या. आजही ते आठवलं की माझेच कान धरून पिळावेसे वाटतात.

कार्ड मी परत ताटात ठेवलं तो गुरुवार होता. त्या दिवशी दीड ओळ झाली. दुसऱ्या दिवशी आडीचा तिसरा शुक्रवार. आडीतले शुक्रवार अम्मनचे, म्हणजे देवीचे, देवळाकडे जाणाऱ्या बायकांनी रस्ता सकाळपासूनच भरलेला, कडुलिंबाच्या डहाळ्या, हळदीचा वास. बरीच मुलं आलीच नव्हती. अक्का दारात उभ्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"अप्पा घरी काही म्हणाले?"

"नाही."

"येणार आहेत तुला न्यायला?"

"नाही. कशाला?"

कधी काही न विचारणाऱ्या अक्का आज दोन-दोन प्रश्न विचारत होत्या याचं मला नवल वाटलं. त्यांनी मला आत नेलं, कार्ड काढलं, म्हणाल्या, "आज तीन ओळी वाचूं. तीन. चल, भरभर." मी वाचू लागले. त्या मध्येच उठून ओट्यावर जाऊन येत, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत. परत येत आणि म्हणत, "पुढें?" पुढे जोडाक्षरं लागली, मी अडले. उकडत होतं. मी पाय हलवून झोपाळा हलवला तर त्यांनी जमिनीला पाय टेकून तो थांबवला. "लक्ष दे ग, बाळ. लक्ष दे."

तेवढ्यात स्टेशनाकडून सकाळच्या पॅसेंजरची शिटी आली. तंजावरहून येऊन मद्रासकडे जाणारी. अक्कांचं बोट खाचेवर होतं, ते तसंच राहिलं. थोड्या वेळानं दुसरी शिटी झाली आणि डबे धडधडत गेल्याचा आवाज आला, लांबून.

"गेली गाडी," अक्का म्हणाल्या.

"रोजच जाते," मी म्हणाले.

त्यांनी डोकं दुखतंय सांगून शाळा सोडली. त्यानंतर त्यांनी मला घाई केली नाही. उलट आता मीच मागे लागे आणि त्या एका शब्दावर दिवस घालवत, पाटी पुसून पुन्हा लिहायला लावत. तरी एक दिवस पत्र संपायचं ते संपलंच. आडी संपून आवणी महिना लागला होता. शेवटच्या ओळी मी एका दमात वाचल्या, मोठ्यानं, हातावर टाळी घेण्याच्या तयारीत.

"आडीच्या तिसऱ्या शुक्रवारीं सकाळच्या गाडीनें मज मद्रासेकडील इस्पितळांत नेताहेत. गाडी कुंभकोणास दहा मिनिटें राहते. पोरीस फलाटावर आणावें. जवळ नको, लांबूनच पाहीन. मी खिडकीशीं बसेन. तिला पिवळा परकर घालावा, म्हणजे गर्दींत दिसेल."

पिवळ्या परकराची ओळ समासात होती, उभी.

मी पुन्हा वाचलं. आडी. तिसरा शुक्रवार. बोटं मोजायची गरज नव्हती, तो महिनाच गेला होता. मी अक्कांकडे पाहिलं. त्या पाटी पुसत होत्या, आणि पाटीवर काही नव्हतं.

मी घरी आले, ट्रंक उघडली, पिवळा परकर काढला. आईनं मागल्या दिवाळीला शिवलेला. घातला तर घोट्याच्या वर वीतभर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घालून मी शाळेकडे न वळता स्टेशनवर गेले. का गेले ते मला आजही सांगता येत नाही. गाडी गेली आहे हे मला कळत होतं, मी आठ वर्षांची होते, तान्ही नव्हते. फलाटावर खांबापाशी उभी राहिले. पॅसेंजर आली. मी सगळ्या खिडक्या पाहिल्या. एका खिडकीत एक म्हातारी केळं सोलत होती. एकीत कुणीतरी झोपलं होतं. गाडी दहा मिनिटं थांबली, कार्डात लिहिलं होतं तशी, आणि निघून गेली. फलाट रिकामा झाला. हमाल माझ्याकडे बघू लागले तेव्हा मला रडू फुटलं.

मागे वळले तर अक्का उभ्या होत्या. सात मुलं ओट्यावर सोडून, चपलाही न घालता आल्या होत्या. त्या फलाटावर माझ्याशी मराठीत बोलल्या. घराबाहेर, चारचौघांत, मराठीत. आमच्यात असं कधी होत नसे.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"होतं. पहिल्याच दिवशीं वाचलें मी."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलें, अप्पा नेतील तुला. आणि वाटलें..." त्या थांबल्या. "तूं कांहीं मागितलेंस तें पहिल्यानेंच. मला वाटलें, तुझें तुलाच मिळूं दे. पोंचशील तूं. शुक्रवारीं तीन ओळी तर राहिल्या होत्या." मग त्या खालीच बसल्या, फलाटावर, आणि म्हणाल्या, "चुकलें ग माझें. सांगायला हवें होतें. ताट नि बीट, जळो मेलें तें."

मी त्यांच्याजवळ गेले नाही. मला फार राग आला होता, आणि राग करायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं. अप्पांना तर मी कितीतरी वर्षांनी विचारलं, तोवर माझं लग्न होऊन मी पुण्याला आले होते. ते म्हणाले, "तूं धावत गेली असतीस तिच्याकडे." गेलेच असते! आईकडे धावायचं नाही तर कुणाकडे धावायचं? पण ते तोवर फार थकले होते, म्हणून मी तेही गिळलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत ओट्यावर खांबाला टेकून बसले. ताटात काही ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मात्र आता अक्का येऊन शेजारी बसत. ताटात काही असो नसो, प्रत्येक मुलाजवळ बसत आणि विचारत, जेवलास का, झोप लागली का, कशाला तोंड पाडलंस. मुलांना ते चमत्कारिक वाटलं. मला विचारत तेव्हा मी मान फिरवी.

पाचव्या-सहाव्या दिवशी ताटात एक कोरं कार्ड होतं. मुलांनी ठेवलेलं नव्हतं. अक्कांनी स्वतः ठेवलं होतं, त्या ताटात त्यांनी आजवर स्वतःची म्हणून काही वस्तू ठेवली नव्हती. मागच्या बाजूला इस्पितळाचा पत्ता लिहिलेला होता. तो त्या आमच्या घरी जाऊन अप्पांकडून घेऊन आल्या होत्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही. अप्पा मात्र त्या संध्याकाळी न सांगता तेलाची वाटी घेऊन बसले होते.

कार्ड तसंच ताटात पडून राहिलं. मी हात लावेना, अक्का उचलेनात. चार दिवस. माझ्यासारखी हट्टी मीच. पाचव्या दिवशी मी ते घेतलं, उंबऱ्याच्या आत गेले आणि झोपाळ्यावर पालथी पडून लिहिलं. मला अक्षरं आईच्या कार्डातली तेवढीच येत होती, त्यामुळे शब्दही बहुतेक तिचेच झाले.

"आई, तिसऱ्या शुक्रवारीं मी फलाटावर आलें होतें. पिवळा परकर घातला होता. अप्पा जवळ नको म्हणाले म्हणून खांबामागें होतें. मी तुला पाहिलें. तूं खिडकीशीं होतीस."

अक्कांनी कार्ड हातात घेतलं आणि वाचलं. एकदा, मग पुन्हा. माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काही खोडलं नाही, काही विचारलं नाही. पदर खांद्यावर घेतला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आल्या.

उत्तर यायला महिना लागला. माझ्या नावानं आलेलं ते पहिलं कार्ड, आणि आईचं शेवटचं. मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, दारोदारी मोठाल्या रांगोळ्या घालायच्या दिवसांत, ती तिथेच गेली. असल्या आजारात माणसाच्या वस्तू इस्पितळातच जाळून टाकतात म्हणे, घरी काही आलं नाही. माझं कार्डही त्यातच गेलं असणार.

तिचं कार्ड आलं त्या दिवशी अप्पांनी ते न वाचता माझ्या हातात दिलं. खाचेचा कागद नको होता. मी दारातच उभ्या उभ्या वाचलं. अक्षरं वेडीवाकडी होती आणि या वेळी कार्ड भरलेलं नव्हतं, दोनच ओळी होत्या.

"मींहि तुला पाहिलें, खांबामागें होतीस. परकर आंखूड झाला ग, उंच झालीस."

मी ते तीनदा वाचलं. मग आत गेले, ट्रंकेतून परकर काढला, घातला आणि खाली वाकून पाहिलं. वीतभर आखूड होता.